समुद्राच्या मिठाचा हिशेब

समुद्राचे पाणी खारट का, हा प्रश्न वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतेच. आपले उत्तरही ठरलेले असते. पावसाचे पाणी खडकांवरून वाहते, खडक झिजतात, त्यांतले क्षार विरघळून नद्यांवाटे समुद्रात जातात. उन्हाने पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. असे कोट्यवधी वर्षे चालले आहे, म्हणून समुद्र खारट. हे उत्तर चुकीचे नाही. पण एखाद्या चौकस मुलीने पुढे विचारले, की मग समुद्र दिवसेंदिवस जास्त खारट होत जातो का, तर आपण अडखळतो. आणि तिने त्याही पुढे जाऊन नदीत जे क्षार असतात तेच, त्याच प्रमाणात समुद्रात असतात का असे विचारले, तर सगळा हिशेबच फिसकटतो. नद्यांच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जास्त, तर समुद्रात सोडियम आणि क्लोराइड जास्त. नुसते नदीचे पाणी आटवून समुद्र तयार होत नाही.

हा हिशेब माणसे गेली तीनशे वर्षे मांडत आहेत. त्यातली एक मोठी रक्कम कुठे जाते हे कळायला १९७७ साल उजाडावे लागले. ती सापडली समुद्राच्या पृष्ठभागाखाली अडीच किलोमीटरवर, जिथे उन्हाचा एक किरणही पोहोचत नाही अशा ठिकाणी.

जमा आहे, खर्च नाही

धूमकेतूमुळे ज्यांचे नाव आपल्याला माहीत आहे त्या एडमंड हॅली यांनी १७१५ साली एक कल्पना मांडली. ज्या सरोवरांतून पाणी बाहेर जात नाही, त्यांचा खारटपणा आज मोजून ठेवावा, काही शतकांनी पुन्हा मोजावा, आणि वाढ किती झाली यावरून सरोवराचे आणि पर्यायाने पृथ्वीचे वय काढावे. प्राचीन ग्रीकांनी आणि रोमनांनी दोन हजार वर्षांपूर्वी असे मोजमाप करून ठेवले नाही, याची त्यांना मोठी हळहळ वाटली होती.

१८९९ मध्ये आयर्लंडच्या जॉन जॉली यांनी वाट न पाहता गणित केले. समुद्रात एकूण सोडियम किती, आणि नद्या दरवर्षी किती आणतात? पहिल्याला दुसऱ्याने भागले. उत्तर आले ८ ते ९ कोटी वर्षे. त्या काळी हे उत्तर बऱ्याच जणांना पटले होते. आज आपण पृथ्वीचे वय सुमारे ४५० कोटी वर्षे मानतो. मग चूक कुठे होती? भागाकार बरोबर होता. जॉलींनी गृहीत धरले होते, की समुद्राच्या खात्यात फक्त जमा होते, खर्च काही होत नाही.

हेच गणित कॅल्शियमसाठी केले तर समुद्राचे वय येते फक्त १० लाख वर्षे. मॅग्नेशियमसाठी केले तर सव्वा कोटीच्या आसपास. एकाच समुद्राची तीन वये कशी असतील? म्हणजे जॉली जे काढत होते ते वय नव्हेच. ते काय आहे हे मुलांना सांगण्यासाठी शाळेचेच उदाहरण घेता येईल. एका शाळेत ५०० मुले आहेत आणि दरवर्षी ५० नवीन दाखल होतात. ५०० भागिले ५० म्हणजे १०. शाळा दहा वर्षांपूर्वी सुरू झाली असा याचा अर्थ नाही. दरवर्षी ५० मुले दहावी होऊन बाहेरही पडतात, आणि प्रत्येक मूल शाळेत दहा वर्षे राहते, असा आहे. १९५२ मध्ये टॉम बार्थ या भूरसायनतज्ज्ञाने समुद्रातल्या मूलद्रव्यांकडे असे पाहायला सुरुवात केली. कॅल्शियमचा अणू समुद्रात सरासरी १० लाख वर्षे राहतो, मॅग्नेशियमचा सव्वा कोटी वर्षे, सोडियमचा सात-आठ कोटी वर्षे. याला त्या मूलद्रव्याचा वास्तव्यकाळ म्हणतात.

पण मग प्रत्येकासाठी बाहेर पडायचा दरवाजा दाखवता आला पाहिजे. कॅल्शियमचा दरवाजा सगळ्यांना ठाऊक होता: शिंपले, प्रवाळ आणि सूक्ष्म जीवांची कवचे. सोडियम मिठाच्या थरांत अडकतो, किनाऱ्यावर उडणाऱ्या तुषारांबरोबर जमिनीवर परततो. अडचण होती मॅग्नेशियमची.

मॅग्नेशियम आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. मिठागरात मीठ धरल्यावर जे कडवट पाणी उरते, त्याचा कडवटपणा मॅग्नेशियमच्या क्षारांचा. पावसाळ्यात घरातल्या जाड्या मिठाला पाणी सुटते ते मुख्यतः त्यात राहून गेलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांत मॅग्नेशियम १.२९ ग्रॅम. नद्या दरवर्षी सुमारे १३ कोटी टन मॅग्नेशियम समुद्रात आणून टाकतात. हे जाते कुठे?

जुन्या खडकांत डोलोमाइट नावाचा मॅग्नेशियमयुक्त चुनखडक भरपूर आहे, पण आजच्या समुद्रात तो फारसा तयार होताना दिसत नाही. १९६० च्या दशकात स्वीडनचे सिलेन आणि पुढे अमेरिकेचे मॅकेन्झी व गॅरल्स यांनी सुचवले, की नदीने आणलेली चिकणमाती समुद्राच्या तळाशी क्षार पुन्हा शोषून घेत असावी. जमिनीवर खडक झिजतो त्याच्या उलट क्रिया, म्हणून तिला उलटी झीज असे नाव मिळाले. कल्पना देखणी होती. पण तळाचा गाळ वर काढून तपासला तर हिशेब पुरा होईल इतके मॅग्नेशियम त्यात सापडेना.

न सापडणारी उष्णता

याच सुमारास भूभौतिकीचे लोक एका वेगळ्याच तुटीने हैराण झाले होते. महासागरांच्या तळाशी एकमेकींना जोडलेल्या पर्वतरांगा आहेत, एकूण लांबी सुमारे ६५ हजार किलोमीटर. १९६२ मध्ये हॅरी हेस यांनी मांडले, की या रांगांच्या माथ्यावर पृथ्वीच्या पोटातून तप्त शिलारस वर येतो, थिजतो आणि नवा समुद्रतळ बनून दोन्ही बाजूंना सरकत जातो. थिजलेला हा खडक म्हणजे बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या जातीचा आहे त्याच जातीचा. तो किती वेगाने निवायला हवा याचे गणित करता येते. पण तळाच्या गाळात तापमापी खुपसून मोजले तर रांगेजवळ गणितापेक्षा पुष्कळच कमी उष्णता बाहेर पडताना दिसे. १९७२ मध्ये क्लाइव्ह लिस्टर यांनी स्पष्टीकरण दिले: नव्या खडकाच्या भेगांतून समुद्राचेच पाणी आत शिरते, तापते, वर येते, आणि उष्णता घेऊन जाते. चुलीवरच्या पातेल्यात पाणी खालीवर फिरते तसेच, फक्त इथे पातेले भेगाळलेल्या खडकाचे.

आणखीही खुणा मिळत होत्या. १९६४-६५ मध्ये तांबड्या समुद्राच्या तळाशी, दोन किलोमीटर खोलीवर, ५६ अंश सेल्सियस तापमानाचे अतिखारट पाणी आणि त्याखाली धातूंनी भरलेला चिखल सापडला होता. प्रशांत महासागराच्या पूर्वेकडील पर्वतरांगेवर लोहमँगनीजयुक्त गाळ मिळाला होता. आणि १९६९ मध्ये क्लार्क, बेग आणि हार्मन क्रेग यांना प्रशांत महासागराच्या खोल पाण्यात हेलियम-३ अपेक्षेपेक्षा जास्त आढळले.

या हेलियम-३ वर थोडे थांबायला हवे, कारण पुढच्या गोष्टीत त्याचे काम मोठे आहे. पृथ्वीवरचे बहुतेक हेलियम हे हेलियम-४. युरेनियम आणि थोरियम यांच्या किरणोत्सारी ऱ्हासातून ते सतत बनत असते. हेलियम-३ मात्र मुख्यतः पृथ्वीच्या जन्मापासूनचे, तिच्या पोटात कोंडलेले. ते बाहेर पडले, तर समजावे की पोटातले काहीतरी थेट वर आले आहे. शिवाय हेलियम कशाशीच संयोग पावत नाही. जीव ते खात नाहीत, गाळ ते शोषत नाही. एकदा पाण्यात मिसळले की पाणी जाईल तिथे ते जाते.

सतरा फेब्रुवारी

१९७७ च्या फेब्रुवारीत 'नॉर' हे संशोधनजहाज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला, गालापागोस बेटांजवळच्या पर्वतरांगेवर आले. आदल्या वर्षीच्या मोहिमेत तिथे पाण्याच्या तापमानात किंचित वाढ दिसली होती. 'अँगस' नावाचा कॅमेऱ्यांचा सांगाडा तळावरून ओढत नेला, तेव्हा एका ठिकाणी तापमापीने क्षणभर उडी मारली. चित्रफीत धुतल्यावर तीन हजार छायाचित्रांपैकी फक्त तेरांत, बरोबर त्या उडीच्या वेळी, पांढऱ्या मोठमोठ्या शिंपल्यांचा सडा दिसला. आधी आणि नंतर नुसता उघडा काळा खडक.

१७ फेब्रुवारीला 'ॲल्विन' या छोट्या पाणबुडीतून भूवैज्ञानिक जॅक कॉर्लिस, ट्यीर्ड व्हान आंडेल आणि चालक जॅक डोनेली खाली उतरले. अडीच किलोमीटर खोलीवर, दोन अंश तापमानाच्या पाण्यात, खडकाच्या भेगांतून कोमट पाणी झुळझुळत वर येत होते. भोवती जीवांची दाटी. या जीवांची गोष्ट अनेकदा सांगितली गेली आहे, म्हणून ती इथे पुन्हा सांगत नाही. एवढेच नमूद करतो, की मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. नमुने टिकवायला फॉर्मॅलिन अगदी थोडे होते, म्हणून काही नमुने पनामात घेतलेल्या रशियन व्होडकात ठेवावे लागले. आपली गोष्ट त्या पाण्याची आहे. ते बाटल्यांतून वर आणून जहाजावरच्या प्रयोगशाळेत उघडले तेव्हा कुजक्या अंड्यांचा वास पसरला. हायड्रोजन सल्फाइड.

हे पाणी ज्यांच्या हाती आले त्यांपैकी एक होते जॉन एडमंड, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले स्कॉटिश रसायनतज्ज्ञ. त्यांनी जे केले ते नववी-दहावीच्या मुलांना आलेखाच्या कागदावर करून दाखवण्यासारखे आहे. पाणी कोमटच होते, वीस अंशांच्या आतले. म्हणजे खालून येणारे गरम पाणी वाटेतच थंड समुद्रपाण्यात मिसळून पातळ झाले होते. मूळ पाणी कसे असेल? प्रत्येक बाटलीतले पाणी वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेले, हीच संधी होती. आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर मॅग्नेशियम. जितके पाणी गरम, तितके मॅग्नेशियम कमी, आणि बिंदू एका सरळ रेषेत. ती रेषा खाली वाढवत नेली, तर मॅग्नेशियम शून्य होते तिथे तापमान येते सुमारे ३५० अंश.

या रेषेचा अर्थ नीट पाहा. दोन अंशांचे समुद्रपाणी आणि ३५० अंशांचे झऱ्याचे पाणी मिसळून १६ अंशांचे मिश्रण हवे असेल, तर झऱ्याचे पाणी ३४८ भागांत १४ भाग, म्हणजे चार टक्के लागते. अशा मिश्रणात मॅग्नेशियम फक्त चार टक्क्यांनी कमी भरणार. तेवढा फरक अचूक मोजायचा आणि त्यावरून कोणी न पाहिलेल्या ३५० अंशांच्या पाण्याचे भाकीत करायचे, याला धाडस लागते. आणि त्या पाण्यात मॅग्नेशियम नावालाही नसणार, हे तर त्याहून मोठे विधान होते.

भाकीत खरे ठरायला दोन वर्षे लागली. एप्रिल १९७९ मध्ये मेक्सिकोच्या पश्चिमेला, २१ अंश उत्तर अक्षांशावर, ॲल्विनसमोर दगडी धुराडी आली. त्यांतून काळाकुट्ट धूर आगगाडीच्या जुन्या इंजिनासारखा भसाभस बाहेर पडत होता. पाणबुडीची तापमापी धुराड्याच्या तोंडात धरली, तर तिच्या प्लास्टिकच्या भागालाच वितळल्याच्या खुणा दिसल्या. मजबूत तापमापी घेऊन पुन्हा उतरल्यावर आकडा मिळाला ३५० अंशांच्या वरचा. पाणी उकळत का नाही, असे मुले विचारतील. अडीच किलोमीटर पाण्याचा भार म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे २५० पट दाब. त्या दाबाखाली ते द्रवच राहते. आणि या पाण्यातले मॅग्नेशियम? रेषा सांगत होती तसे, जवळजवळ शून्य.

खडकाच्या पोटात

आत काय होते हे आता बऱ्यापैकी समजले आहे. समुद्राचे थंड पाणी भेगांतून एक-दोन किलोमीटर खाली झिरपते. तापू लागल्यावर आधी त्यातले कॅल्शियम सल्फेट बाहेर पडते. साखरेच्या उलट, हा क्षार गरम पाण्यात कमी विरघळतो. मग मॅग्नेशियम पाण्यातल्या हायड्रॉक्सिल गटांना घेऊन खडकातल्या खनिजांत जाऊन बसते. हायड्रॉक्सिल गेले की पाणी आम्लधर्मी होणारच. हे तप्त आम्ल बेसाल्टमधून लोह, मँगनीज, तांबे, जस्त, सिलिका, कॅल्शियम ओरबाडून घेते. उरलेल्या सल्फेटचे बरेचसे सल्फाइड होते. असे पाणी वेगाने वर येऊन थंड समुद्रपाण्यात घुसले, की धातूंची सल्फाइडे बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतात. तोच काळा धूर. म्हणजे तो धूर नव्हेच, गाळ आहे.

मॅग्नेशियमचा दरवाजा सापडला होता. १९७९ मध्ये एडमंड आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, की नद्या जेवढे मॅग्नेशियम आणतात जवळपास तेवढे हे झरे काढून घेतात, आणि महासागरांचे सगळे पाणी सुमारे एक कोटी वर्षांत एकदा या तप्त खडकांतून फिरून येते.

हा आनंद थोडा घाईचा होता, असे आता म्हणावे लागते. त्या हिशेबात पर्वतरांगांतून पाण्यावाटे जाणारी जवळपास सगळी उष्णता ३५० अंशांच्या झऱ्यांच्या नावावर टाकली होती. पुढच्या मोजमापांतून दिसले, की बहुतेक उष्णता रांगेच्या माथ्यापासून दूर, उतारांवर, कोमट पाण्याने हळूहळू बाहेर पडते. आणि कोमट पाणी मॅग्नेशियम तितके काढत नाही. १९९० च्या दशकातल्या अंदाजाप्रमाणे तप्त झऱ्यांतून वर्षाला सुमारे ३० अब्ज टन पाणी वाहते. प्रत्येक टनात १.२९ किलोग्रॅम मॅग्नेशियम धरले, तर वर्षाला चार कोटी टनांच्या आसपास निघते. नद्यांच्या १३ कोटी टनांपैकी तिसरा हिस्सा. उरलेले डोलोमाइट, चिकणमाती आणि उतारांवरचा थंड खडक यांच्यात कसे वाटायचे, यावर अजून वाद चालू आहे. उलटी झीजही पूर्ण बाद झालेली नाही.

तरी झऱ्यांनी समुद्राचा स्वभाव बदलला असेल, याला एक सुंदर दाखला मिळतो. आजच्या समुद्रात कॅल्शियमच्या एका अणूमागे मॅग्नेशियमचे सुमारे पाच अणू आहेत. दहा कोटी वर्षांपूर्वी, क्रेटेशियस काळात, हे प्रमाण एक ते दोनच्या आसपास होते. त्या काळच्या मिठाच्या स्फटिकांत अडकून राहिलेल्या पाण्याच्या थेंबांवरून हे कळते. १९९६ मध्ये लॉरेन्स हार्डी यांनी मांडले, की त्या काळी नवा समुद्रतळ जास्त वेगाने बनत होता, त्यामुळे झऱ्यांनी जास्त मॅग्नेशियम काढले आणि जास्त कॅल्शियम सोडले. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे पांढरेशुभ्र खडूचे कडे याच काळात सूक्ष्म शेवाळांच्या कवचांपासून बनले. (आपण फळ्यावर वापरतो तो खडू हा नव्हे. तो बहुधा जिप्समचा असतो.) समुद्रतळ बनण्याचा वेग तेव्हा खरोखर इतका जास्त होता का, याबद्दल मतभेद आहेत. आम्हांला हार्डी यांचा विचार आवडतो, पण तो प्रश्न मिटलेला आहे असे वर्गात सांगू नये.

पंधरा अंश दक्षिण

झऱ्याचे पाणी समुद्रात मिसळल्यावर भोवतालच्या पाण्याचे काय होते? समुद्र गरम होतो का? झऱ्याचा स्तंभ गरम, म्हणून हलका. तो वर चढू लागतो आणि चढताना आजूबाजूचे पाणी आत ओढत जातो. दोनशे-तीनशे मीटर वर जाईपर्यंत एक लिटरचे दहा हजार लिटर झालेले असतात. तिथे त्याचे वजन भोवतालच्या पाण्याइतके होते, चढणे थांबते, आणि तो आडवा पसरतो. वारा नसलेल्या हिवाळी सकाळी गावावर चुलींचा धूर एका पातळीवर पसरलेला दिसतो ना, तसाच. या थराचे तापमान आजूबाजूपेक्षा एका अंशाच्या काही शतांश भागानेच जास्त असते. समुद्र तापत नाही. पण तीस अब्ज टनांना दहा हजारांनी गुणा आणि महासागरातल्या पाण्याला त्या गुणाकाराने भागा: सगळा महासागर काही हजार वर्षांत एकदा अशा एखाद्या ढगातून जातो. खडकातून फिरायला काही कोटी वर्षे, पण ढगातून जायला काही हजार. झऱ्यांचा आसपासच्या पाण्यावर होणारा परिणाम मुख्यतः या दुसऱ्या वाटेने होतो.

कधीकधी हा ढग अवाढव्य असतो. ऑगस्ट १९८६ मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यापलीकडे, हुआन दे फुका रांगेवर, एडवर्ड बेकर आणि सहकाऱ्यांना २० किलोमीटर रुंद, ७०० मीटर जाड असा एक ढग सापडला. तो काही दिवसांत तयार झाला असावा. तळाशी अचानक भेग पडून साठलेले गरम पाणी एकदम बाहेर आले होते. दोन महिन्यांनी तो तिथे नव्हता.

नेहमीच्या ढगांपैकी सगळ्यात बोलका निघाला तो दक्षिण प्रशांत महासागरातला. १९८१ मध्ये जॉन लप्टन आणि हार्मन क्रेग यांनी १५ अंश दक्षिण अक्षांशावर हेलियम-३ मोजत मोजत पर्वतरांग ओलांडली. अडीच किलोमीटर खोलीवर हेलियम-३ चा एक पट्टा रांगेपासून निघून पश्चिमेकडे दोन हजार किलोमीटर गेलेला होता. पूर्वेकडे जवळजवळ काहीच नाही. नकाशावर तो वाऱ्यात उडणाऱ्या धुरासारखा दिसतो.

यात एक मोठी पंचाईत होती. खोल समुद्रातले प्रवाह इतके मंद असतात, की ते थेट मोजणे फार कठीण. म्हणून हेन्री स्टॉमेल आणि अर्नोल्ड ॲरन्स यांनी १९६० मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर सगळ्यांची भिस्त होती. तो सिद्धांत सांगत होता, की या भागात खोल पाणी सर्वसाधारणपणे दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे सरकते. हेलियम मात्र पश्चिमेला निघाले होते. हेलियम खोटे बोलत नाही. १९८२ मध्ये खुद्द स्टॉमेल यांनीच प्रश्न केला: हा ढग प्रवाहाबरोबर वाहतो आहे, की प्रवाह या ढगामुळेच निर्माण झाला आहे? वर चढणारे पाणी खालचे पाणी ओढून घेते, फिरत्या पृथ्वीवर अशा ओढीचा परिणाम पश्चिमेकडे लांबवर पसरतो, हे त्यांनी गणिताने दाखवले. स्वतःच्या सिद्धांताविरुद्धचा पुरावा समोर आल्यावर त्यातून नवा प्रश्न काढणारा माणूस म्हणून स्टॉमेल आम्हांला नेहमी मोठे वाटत आले आहेत.

लोखंडाचा प्रवास

झऱ्यांच्या पाण्यात समुद्राच्या साध्या पाण्याच्या लक्षावधी पट लोह असते. पण कित्येक वर्षे कोणी त्याला फारसे महत्त्व दिले नाही. कारण सोपे वाटत होते: लोह प्राणवायू असलेल्या पाण्यात आले की त्याचा गंज होणार आणि तो तळाशी बसणार. काही अंशी तसे होतेही. इतकेच नव्हे, तर गंजाचे हे कण खाली जाताना पाण्यातले फॉस्फेट, व्हॅनेडियम, अर्सेनिक आपल्याबरोबर ओढून नेतात. म्हणजे झरे समुद्राला काही देतात तसे काही काढूनही घेतात.

लोहाला महत्त्व यायला दुसरीकडे एक गोष्ट घडावी लागली. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात नायट्रेट-फॉस्फेट मुबलक असूनही सूक्ष्म वनस्पती कमी का, याचे उत्तर १९८० च्या दशकाअखेरीस जॉन मार्टिन यांनी दिले: लोह नाही म्हणून. लोह इतके कमी, की ते मोजताना जहाजाच्या गंजाचा कणही नमुन्यात पडून चालत नाही. या वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, त्यामुळे समुद्रात लोह कुठून येते हा प्रश्न हवामानाचाही झाला. वाऱ्याने उडणारी वाळवंटाची धूळ हे उत्तर सर्वमान्य होते.

अशी काटेकोर मोजमापे करणारा 'जिओट्रेसेस' हा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. २०१३ मध्ये त्यातले एक जहाज पेरूपासून ताहितीकडे निघाले आणि लप्टन-क्रेग यांच्या त्याच पट्ट्याच्या बाजूने गेले. जोसेफ रेसिंग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हेलियमच्या पट्ट्यात लोहही होते, विरघळलेले, आणि पर्वतरांगेपासून चार हजार किलोमीटरहून दूरपर्यंत. जे रांगेच्या पायथ्याशीच बसायला हवे होते, ते अर्धा प्रशांत महासागर ओलांडून गेले होते. पाण्यातले सेंद्रिय रेणू लोहाला धरून ठेवतात आणि काही लोह इतक्या सूक्ष्म कणांत असते की ते बुडतच नाही, असे आता दिसते.

हे खोल पाणी पुन्हा पृष्ठभागावर येते ते मुख्यतः अंटार्क्टिकाभोवती. २०१९ मध्ये मॅथ्यू आर्डिना आणि सहकाऱ्यांनी दक्षिण महासागरात, समुद्रतळावरच्या झऱ्यांच्या प्रवाहाखालच्या बाजूला, सूक्ष्म वनस्पतींचा मोठा बहर आलेला नोंदवला. त्याला झऱ्यांचे लोह कारण आहे असे त्यांचे म्हणणे आहे. पुरावा अप्रत्यक्ष आहे, तरंगत्या उपकरणांवर आणि प्रवाहांच्या गणितावर आधारलेला. पण अंधारातल्या झऱ्याचा उन्हातल्या हिरव्या पाण्याशी संबंध लागतो, एवढे मानायला आता जागा आहे.

आपला हिंदी महासागर या गोष्टीत उशिरा आला. इथल्या पर्वतरांगांवरचा पहिला काळा धुरवाला झरा ऑगस्ट २००० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी रॉड्रिग्ज बेटाच्या आग्नेयेला, जिथे तीन रांगा मिळतात तिथे, पाहिला. त्याचे नाव काइरेई. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथून जवळ आणखी एक क्षेत्र सापडले. शोधणारे जहाज तेच, १९७७ चे 'नॉर'. त्याच महिन्यात जॉन एडमंड यांचे निधन झाले होते. नव्या क्षेत्राला त्यांचे नाव दिले गेले. २००३ मध्ये अरबी समुद्राकडे येणाऱ्या कार्ल्सबर्ग रांगेवर सुमारे ७० किलोमीटर लांबीचा ढग आढळला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञही या रांगेवरच्या पाण्यात झऱ्यांच्या खुणा शोधत आले आहेत. आणि डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातच असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या आणि चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या पथकाने, मानवरहित पाणबुडीच्या साहाय्याने, दक्षिण हिंदी महासागरात साडेचार किलोमीटर खोलीवरच्या एका जिवंत झऱ्याचे छायाचित्र मिळवले. भारतीय शास्त्रज्ञांनी टिपलेले अशा झऱ्याचे ते पहिले छायाचित्र. त्या झऱ्याचे लोह कुठवर जाते, हे मोजायचे काम पुढे आहे.